दुभाषीबाईंच्या भुवया

दुभाषीबाईंना कपाळात सुया टोचून घ्यायची काडीइतकीही गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वय एकोणपन्नास, प्रकृती ठणठणीत, नवरा भला माणूस, लेक आपल्या नोकरीत रमलेली. कपाळावर तीन आठ्या होत्या, पण त्या वयात त्या कुणाला नसतात? तरी माणसाला आरशात एकदा खोट दिसली की दुसरं काही दिसेनासं होतं, आणि बाईंच्या बाबतीत तर ती खोट त्यांचं नाव होऊन बसली होती.

बाई बहिऱ्या माणसांच्या दुभाषी. दवाखाना, कोर्ट, बँक, शाळेतली पालकसभा, जिथे बोलावतील तिथे जायचं. ऐकणाऱ्याचं बोलणं हातांनी खुणांत सांगायचं आणि खुणांतलं बोलणं तोंडानं. वीस वर्षं हेच केलं. आता या खुणांच्या भाषेत कुणाचं नाव अक्षर अक्षर जुळवत बसत नाहीत. प्रत्येकाला एक खूण मिळते आणि तीच त्याचं नाव. ती देताना मंडळी भीडभाड ठेवत नाहीत. बहिऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे पुढे आलेले दात, खजिनदार म्हणजे ढेरी, आणि ग्रंथपाल म्हणजे नाकातला केस ओढण्याची खूण. त्यांच्यात नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फारसा फरक नाही, आणि त्याचं कुणी वाईटही वाटून घेत नाही. दुभाषीबाईंची खूण अशी: तीन बोटं कपाळावरून आडवी ओढायची.

वीस वर्षं त्यांनी ते नाव मजेत मिरवलं. मग एका सभेचं चित्रीकरण झालं आणि त्यात कोपऱ्यातल्या चौकटीत बाई दिसल्या. धाकट्या बहिणीनं ते फोनवर पाहिलं आणि विचारलं, "ताई, एवढी कुणावर खेकसतेयस?"

बाईंनी तिला समजावलं, की अगं, हे खेकसणं नव्हे, हे व्याकरण आहे. 'कोण', 'काय', 'कधी' विचारताना भुवया जवळ आणायच्या. 'हो की नाही' विचारायचं तर भुवया वर. 'जर' म्हणायचं तरी भुवया वर. हात नुसते शब्द सांगतात, ते विचारणं आहे की सांगणं, हे भुवया सांगतात. नव्या दुभाष्यांना शिकवताना बाई त्यांचे हात पाठीमागे बांधायला लावत आणि नुसत्या भुवयांनी पाच प्रश्न विचारून घेत. म्हणजे बाईंनी जे केलं ते अडाणीपणानं केलं, असं म्हणायलाही जागा नाही.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, व्याकरण असेल, पण दिसतेस मात्र समोरच्याला खाऊ की गिळू अशी. ते बाईंच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून त्या दात घासताना तळहातानं कपाळाची कातडी वर ताणून बघू लागल्या. मंडळात कुणी तीन बोटं कपाळावरून ओढून त्यांना हाक मारली, की त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जाऊ लागला. दोन महिन्यांनी धाकटीच त्यांना हाताला धरून एका चकचकीत, आठ्या घालवणाऱ्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे एक अर्ज भरायचा होता. 'व्यवसाय' या रकान्यात बाईंनी 'दुभाषी' असं लिहिलं. सुई घेऊन बसलेल्या डॉक्टरणीनं ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे बोलायचं काम ना? मग काळजी नको. ओठांना आपण हात लावत नाही, नुसतं कपाळ मोकळं होईल. चार महिने टिकेल."

इथे तोंड उघडायचं होतं. माझं बोलणं ओठांनी नसतं, एवढं एकच वाक्य. बाईंच्या ते अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोलल्या असत्या तर डॉक्टरणीनं सुई खाली ठेवली असती, आणि सुई खाली ठेवलेली बाईंना नको होती. त्या "हो" म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

सहा दिवसांत कपाळ धुतलेल्या ताटलीसारखं गुळगुळीत झालं. नवऱ्यानं चहा पिता पिता दोनदा निरखून पाहिलं आणि विचारलं, बरं वाटत नाहीये का? धाकटी म्हणाली, मस्त, आता डोळ्यांच्या कडेला पण करून टाक. बाईंनी आरशासमोर भुवया वर करून बघितल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग डोळे मोठे करून आणि मान पुढे काढून प्रश्न विचारून बघितला, आणि स्वतःचंच समाधान करून घेतलं, की इतकं चालतं, संदर्भावरून कळतं माणसाला.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, एका सुताराबरोबर. सुतार जन्मापासून बहिरा. दारं-खिडक्या बनवायच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलेला, मोजकं बोलणारा गडी. तीन महिन्यांपूर्वी रंध्याच्या यंत्रात त्याचा उजवा अंगठा सापडला होता. वरून जखम भरली, पण आत हाडाशी पू राहिला होता. बाई पहिल्यापासून त्याच्याबरोबर जात होत्या आणि त्याचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता.

डॉक्टर वयस्कर, शांत, पेशंटच्या डोळ्यांकडे बघून बोलणारे. त्यांनी फोटो उजेडात धरून पाहिला, नव्या गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "समजा, या गोळ्यांनी फरक नाही पडला, तर अंगठा काढायचा विचार करावा लागेल. तशी तयारी आहे का यांची?"

बाईंचे हात नेहमीसारखे सफाईनं चालले. गोळ्या, फरक, नाही. अंगठा, काढणे. तयार, तू. 'समजा'ची वेगळी खूण असते, पण ती नवशिके करतात. मुरलेला दुभाषी पहिल्या भागावर भुवया उचलतो आणि 'जर' होतो, शेवटी उचलतो आणि 'का' होतो. बाई वीस वर्षांच्या सवयीनं तसंच करायला गेल्या. भुवया उचलल्या गेल्याच नाहीत, आणि घाईत मान पुढे काढायची राहून गेली. सुतारापर्यंत पोचलं ते असं: गोळ्यांनी फरक पडत नाही. अंगठा काढायचा. तयार राहा.

सुतार बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बाईंना वाटलं, याच्या लक्षात आलं. कपाळ बघतोय. आणि त्यांना बरं वाटलं. ही एक गोष्ट त्यांनी पुढे कुणापाशीही कबूल केली नाही, पण त्या क्षणी, त्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्याचा कापलेला अंगठा असताना, बाईंच्या मनात आलं की दिसतंय वाटतं छान.

मग सुतारानं होकारार्थी मान हलवली. डॉक्टर त्याला म्हणाले, धीराचा माणूस आहात. दहा दिवसांनी यायचं ठरलं.

रविवारी संध्याकाळी मंडळ भरतं. ग्रंथालयाच्या वरचं सभागृह, लख्ख उजेड, कारण अंधारात गप्पा मारता येत नाहीत. चहाचा थर्मास, बिस्किटांचे पुडे आणि खुर्च्या ओढल्याचा असा आवाज, की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. बाई वर आल्या आणि सवयीनं सगळीकडे नजर फिरवली. खिडकीपाशी सुतार बसला होता. समोर त्याची बायको, तीही बहिरी, इस्त्रीच्या दुकानात काम करणारी, तिखट नजरेची. सुतारानं उजवा अंगठा तळहातात मुडपून वरून पट्टी गुंडाळली होती आणि उरलेल्या चार बोटांनी तो तिला काहीतरी सांगत होता. ती मध्येच थांबवायची, मान हलवायची, पुन्हा कर म्हणायची. काही खुणा अंगठ्याशिवाय होतच नाहीत. त्या तो डाव्या हातानं करून बघत होता.

बाईंनी जवळ जाऊन विचारलं, हे काय चाललंय? आणि विचारून झाल्यावर हवेत बोटानं प्रश्नचिन्ह काढलं, कारण सकाळपासून मंडळातल्या दोन जणांचा त्यांच्या प्रश्नांमुळे गोंधळ उडाला होता आणि त्याची त्यांना आता थोडी धास्ती वाटू लागली होती.

सुतार म्हणाला, "सराव. अंगठा गेल्यावर बोलायला नको? कारखान्यात पण सांगून आलोय, यंत्रावरून काढून मला मोजणीला बसवा."

"कोण म्हणालं अंगठा जाणार?"

"तूच."

बाई खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, गोळ्या? सुतारानं खांदे उडवले. गोळ्यांनी फरक पडत नाही असं तूच सांगितलंस, मग उगाच पोट कशाला बिघडवून घेऊ? चिठ्ठी पाच दिवस शर्टाच्या खिशातच होती. बाईंनी हात दाखव म्हटलं. पट्टी सोडली तर अंगठा मुळापर्यंत लाल झाला होता आणि तापला होता.

तेव्हा बाईंनी सांगितलं, की ते 'जर' होतं. तो प्रश्न होता. डॉक्टर विचारत होते. हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं, 'समजा'ची नवशिक्यांची खूण करून, हवेत प्रश्नचिन्हं काढून. सुताराला कळलं. कळल्यावर त्याचा चेहरा आधी उजळला, मग त्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो पट्टी पुन्हा गुंडाळू लागला.

बायकोनं मात्र विचारलं, अशी चूक झालीच कशी?

आणि इथे दुभाषीबाई, ज्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं तसूभरही न बदलता पोचवलं, त्या खोटं बोलल्या. म्हणाल्या, त्या दिवशी माझं डोकं फार दुखत होतं.

बायकोनं ते पाहून घेतलं. मग ती उठली, बाईंच्या अगदी पुढ्यात आली आणि आपला खरखरीत अंगठा त्यांच्या कपाळावर ठेवून एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत फिरवला, कपड्याला कुठे चुणी राहिली का बघावं तसा. "इथलं कुठे गेलं?" तिनं विचारलं. "रागव बघू," ती म्हणाली. बाईंनी भुवया आवळायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. सगळं सभागृह बघत होतं. जिथे बोलणं डोळ्यांनी ऐकतात तिथे कानगोष्ट अशी नसतेच. बाईंनी मान खाली घातली आणि तर्जनीनं कपाळाला टोचल्याची खूण केली. सुई. का? सुंदर दिसायला. ही खूण करताना त्यांना इतकी लाज वाटली, की हात पुरता वर उठला नाही आणि ती दुसऱ्यांदा करावी लागली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बाईंना सोसलं असतं. निघताना जिन्यातून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर चहाच्या टेबलाशी खजिनदार कुणाला तरी त्यांच्याबद्दल सांगत होता. नाव घेताना त्यानं तीन बोटं ओढली नाहीत. एका बोटानं कपाळाला टोचलं. वीस वर्षांचं नाव एका संध्याकाळीत पुसलं गेलं होतं.

सोमवारी सकाळी सुताराला घेऊन तातडीनं डॉक्टरांकडे जायचं ठरलं. बाईंनी हळूच सुचवलं होतं, की माझ्याऐवजी एक तरुण दुभाषी पाठवते, फार हुशार आहे. सुताराच्या बायकोनं एका झटक्यात नाही म्हटलं. तूच घोळ केलास, तूच जाऊन सांग. त्या तरुण दुभाष्याला पाठवण्यामागे सुताराची काळजी किती आणि आपली लपवाछपवी किती, हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आत गेल्यापासून सुतारानं एक नेम धरला. बाईंनी काहीही सांगितलं, की तो विचारायचा, "विचारतोय, की सांगतोय?" डॉक्टर बसा म्हणाले. विचारतोय, की सांगतोय? सांगतोय. दुखतं का? विचारतोय, की सांगतोय? विचारतोय. प्रत्येक वाक्यामागे हे उत्तर देताना बाईंच्या कानशिलांना घाम सुटला. घाम यायला कपाळाची हरकत नव्हती.

डॉक्टरांनी अंगठा हातात घेऊन दाबून पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला. "गोळ्या का नाही घेतल्या?"

दुभाष्यांचा एक नियम असतो. ज्याचं बोलणं सांगायचं त्याच्याच तोंडून सांगायचं. सुतार 'मला दुखतं' म्हणाला तर दुभाषी 'यांना दुखतं' म्हणत नाही, 'मला दुखतं' म्हणतो. त्या खोलीत 'मी' म्हणजे सुतार, नाहीतर डॉक्टर. दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो. आणि जे बोललं जाईल त्यातलं काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही.

सुतारानं सांगायला सुरुवात केली आणि बाई बोलू लागल्या. "मला सांगितलं, की गोळ्यांनी फरक पडत नाही. अंगठा काढायचा, तयार राहा."

"मी असं कधी म्हणालो?" डॉक्टर चकित झाले.

"तुम्ही नाही. दुभाषी म्हणाली."

सुताराचे हात पुढे चालले होते. ते काय सांगताहेत ते बाईंना दिसत होतं. डॉक्टरांना खुणा येत नव्हत्या. सुताराला ऐकू येत नव्हतं आणि ओठ वाचणं त्याला कधी जमलं नव्हतं. 'थोडा गैरसमज झाला' असं म्हणून बाई सुटू शकत होत्या, आणि जगात कुणालाही कळलं नसतं. सुतार थांबला आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

"माझ्या दुभाषीनं सुंदर दिसायला कपाळात सुया टोचून घेतल्या," बाई म्हणाल्या. "तिच्या भुवया हलत नाहीत. त्यामुळे तुमचा प्रश्न मला प्रश्न वाटला नाही. पाच दिवस मी अंगठ्याशिवाय बोलायचा सराव केला. माझी बायको मला शिकवत होती. ती रडली. मी रडलो नाही, कारण ती रडत होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कोण ही दुभाषी? म्हणजे, बाई, त्या दिवशी तर तुम्हीच..."

बाईंनी तेही खुणांत सांगितलं. सुतारानं विचारलं, विचारतोय, की सांगतोय? विचारतोय, बाई म्हणाल्या. मग सुतारानं हात उचलला आणि त्यांच्याकडे बोट दाखवलं.

ते बोलून दाखवायचं काम बाईंचंच होतं. 'मी' म्हणायची सोय नव्हती.

"ही," त्या म्हणाल्या. "ही बाई."

डॉक्टर कामाला लागले. आजच दाखल व्हायचं, औषध शिरेतून द्यायचं. अंगठा बहुतेक वाचेल. पण पाच दिवसांत पू सांध्यात उतरला आहे, त्यामुळे टोकाचा सांधा ताठच राहील, पहिल्यासारखा वाकणार नाही. हे कायमचं. बाईंनी सगळं सांगितलं, एकेका वाक्यामागे 'सांगतोय' म्हणत. सुतारानं 'कायमचं' ही खूण पुन्हा करायला लावली. बाईंनी ती पुन्हा केली. त्यांचं स्वतःचं कपाळ चार महिन्यांत सुटणार होतं.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. माणूस मनानं चांगला होता, त्यांना बाईंची कीव आली असावी. चिठ्ठी पुढे सरकवता सरकवता ते हलक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, फार मनाला लावून घेऊ नका. दिसता मात्र छान."

सुताराला ओठ हललेले दिसले होते. तो बाईंकडे वळला आणि वाट बघू लागला.

दोन महिने बाईंनी या एका वाक्याची वाट पाहिली होती. नवरा ते बोलला नव्हता, धाकटी 'मस्त' म्हणून लगेच डोळ्यांच्या कडांवर घसरली होती. त्यांनी हात वर केले आणि शब्दाला शब्द सांगितलं. जाऊ दे. मनाला लावू नको. ही बाई छान दिसते.

सुतारानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, हनुवटीपासून कपाळापर्यंत, लाकडात गाठ कुठे राहिलीय का पाहतात तितक्या सावकाश. मग विचारलं, "विचारतोय, की सांगतोय?"

"सांगतोय."

सुतारानं नजर वळवली आणि टेबलावरची चिठ्ठी उचलली. खुणांच्या भाषेत समोरच्यानं नजर वळवली की बोलणं तिथेच संपतं. बाईंना त्याला अजून पुष्कळ सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी हात तसेच वर धरले होते.